वाटेवरचे प्रश्न : मॉरिशसचे सात धबधबे

गेल्या अंकात मॉरिशसबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यात एक वाक्य होतं : ‘सात धबधब्यांच्या डोहात वाटाड्या हो म्हणेल तेव्हाच उतरा, आणि तो ऊठ म्हणाला की त्याच क्षणी बाहेर या.’ त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. यजमानांच्या नोकरीमुळे मी अकरा वर्षं तिथल्या वाक्वा गावात राहिले. त्याआधी आणि त्यानंतर रत्नागिरीत वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्या बेटावर आणि त्या पाण्यावर माझा जीव आहे, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देते.

प्रश्न : आम्ही दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला चाललो आहोत. सोबत पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा. टूरवाले फक्त शामारेलचा धबधबा दाखवणार आहेत. मला सात धबधब्यांचीही ओढ आहे. घरच्यांना घेऊन जावं का? — एक वाचक, चिपळूण

जा. मात्र सातही बघायचेच असा हट्ट धरून निघू नका.

त्या जागेला तिथले लोक ‘सेत कास्काद’ म्हणतात. इंग्रजी नकाशावर टॅमरिंड फॉल्स. तामारँ म्हणजे चिंच, आणि त्याच नावाची नदी तिथे पठारावरून दरीत उड्या घेत उतरते. एक उडी, एक डोह, पुन्हा उडी, पुन्हा डोह. सगळे टप्पे धरले तर जवळपास 300 मीटरचा उतार होतो. वरच्या अंगाला हेन्रिएट्टा नावाचं गाव आहे. मेट्रोने वाक्वाला उतरायचं, तिथून हेन्रिएट्टाची बस. बस जिथे थांबते तिथून उसाच्या शेतांच्या कडेने चालत निघालात की आधी आवाज येतो आणि मग अचानक पायाखालची जमीन संपून हिरवी दरी उघडते. समोर पश्चिमेला थेट समुद्र दिसतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तिथेच खाली बसले होते, दहा मिनिटं उठलेच नाही.

नऊ वर्षांच्या मुलाला वरचे दोन-तीन टप्पे झेपतात. तेवढ्यात त्याला डोह मिळेल, धबधब्याच्या तुषारांत भिजणं मिळेल, माकडं दिसतील. तळापर्यंतची उतरण वेगळीच आहे. मुळं धरून उतरायचं, ओल्या कातळावर पाय रोवायचा, मधे दोन-चारदा नदी ओलांडायची. धडधाकट माणसांनाही चार-पाच तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात. पत्नीला उंचीची भीती वाटते असंही तुम्ही लिहिलं आहे. त्यांना तर मधल्या उतरणीवर नेऊच नका. वरच्या डोहाशी बसून डबा खाल्लात तरी दिवस सार्थकी लागेल.

दिवाळीचा काळ तिथे कोरडा असतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर पाऊस कमी, त्यामुळे धारा जरा बारीक दिसतील, पण वाट बरी असते आणि पाणी नितळ. फोटोतला फुगलेला धबधबा फेब्रुवारी-मार्चचा असतो, आणि तेव्हा मुलाला घेऊन त्या दरीत जाऊ नये. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तो वादळांचाही मोसम. चक्रीवादळ जवळ येऊ लागलं की तिथे सरकार एक ते चार असे इशारे देतं. पहिला इशारा लागला तरी दरीचा बेत रद्द करायचा, आकाश कितीही निळं असो.

वाटाड्या गावातलाच घ्या. आदल्या दिवशी ठरवा, पैसे बोलून घ्या, आणि सकाळी आठला चालू लागा.

प्रश्न : तुम्ही पाण्याची फारच भीती घालता. आम्ही तरुण मुलं ताम्हिणी, देवकुंड सगळं करून आलो आहोत. ‘वाटाड्या म्हणेल तेव्हाच’ म्हणजे काय? पाणी तर डोळ्यांना दिसतं. — एक वाचक, पिंपरी

बाळा, पाणी दिसतं ते तुझ्यासमोरचं. त्या पाण्याच्या मागे काय येतंय ते दिसत नाही. मी बघितलं ते सांगते.

मार्च संपत आला होता. आम्ही सात-आठजण होतो, यजमानांचे सहकारी आणि त्यांच्या बायका. वाटाड्या हेन्रिएट्टाचाच, बावीस-तेवीस वर्षांचा. तिसऱ्या डोहाशी पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. डोक्यावर लख्ख ऊन. सगळे पाण्यात उतरले. मी काठावर झाडं बघत होते, म्हणून मला तो पोरगा दिसला. त्याने झुडपावरून एक लाल पेरू तोडला. आपला पेरू नाही. तिथे अंगठ्याच्या पेराएवढा, गर्द लाल पेरू रानभर माजलेला असतो, ‘गोयाव द शिन’ म्हणतात त्याला, चिनी पेरू. तो त्याने कातळावर ठेवला, पाणी जिथे दगडाला टेकत होतं त्याच्या दोन बोटं वर. मला वाटलं, नंतर खाईल.

पंधरा-वीस मिनिटं गेली. तो गप्पा मारत होता, पण दर थोड्या वेळाने नजर त्या पेरूकडे. मग एकदम उठला आणि ओरडला, ‘आलोंऽ, आलोंऽ!’ म्हणजे चला, निघा. मी पेरूकडे बघितलं. जागेवर नव्हता. डोहात गोल गोल फिरत होता, आणि त्याच्यासोबत वाळकी पानं, काटक्या, पांढरा फेस. ऊन तसंच होतं. आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, अरे पाच मिनिटं थांब. त्याने त्यांचा दंड धरून ओढूनच बाहेर काढलं. आम्ही कातळावरून वर चढून झाडीत गेलो तोवर डोहाचा रंग चहासारखा झाला होता आणि आम्ही जिथे कपडे ठेवले होते तो दगड पाण्याखाली होता. पलीकडच्या काठावर एक जोडपं अडकलं. पाणी उतरेपर्यंत जवळपास तीन तास ती दोघं तिकडे आणि आम्ही इकडे. हाका मारल्या तरी धबधब्याच्या आवाजात ऐकू जात नव्हतं, नुसते हात हलवत होतो.

पाऊस पडला होता वर, पठारावर. क्यूरपिप आणि वाक्वाच्या बाजूला ढग अडतात आणि तिथे धो धो पडत असताना पश्चिमेकडची दरी कोरडी असू शकते. शिवाय या नदीवर वरच्या अंगाला धरण आहे, तिच्या पाण्यावर वीजही होते. तेव्हा वर कुठे काय चाललंय हे डोहात पोहणाऱ्याला कळायला मार्ग नाही. गावातल्या माणसाला सकाळी अंगणात उभं राहून कळतं. ताम्हिणीलाही हेच आहे. आपल्याकडे दर पावसाळ्यात काय बातम्या येतात, तू वाचतोसच. मॉरिशसमध्येच 30 मार्च 2013 रोजी राजधानी पोर्ट लुईसमध्ये थोड्या तासांच्या पावसाने असा लोंढा आला की अकरा माणसं गेली, आणि ते तर भर शहरात.

त्या दिवसापासून मी कुठल्याही डोहाशी गेले की काठावर खूण ठेवते. खडा चालत नाही, तो जागचा हलत नाही. हलकी, रंगीत, तरंगणारी वस्तू हवी. फळ किंवा फूल चालेल, चॉकलेटचा कागद नको. ती पाण्याच्या रेषेपासून दोन बोटं वर ठेव, एकाला तिच्यावर लक्ष ठेवायला बसव, आणि ती तरंगली की मागे वळून न बघता वर चढ. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या यायला लागल्या किंवा धबधब्याचा आवाज बदलला, तरीही तेच. पोहणं चांगलं येतं की नाही याचा इथे संबंध नाही. हे मी तुझ्यावर रागावून लिहीत नाही. तू जावंस आणि परत येऊन मला पत्र लिहावंस म्हणून लिहिते.

प्रश्न : वय 68, दोन्ही गुडघे दुखतात. मुलगी मॉरिशसला नेते म्हणते. धबधबा बघायला मिळेल का? — एक वाचक, कोल्हापूर

काका, जरूर मिळेल. शामारेलला गाडी जवळपर्यंत जाते, थोड्या पायऱ्या आणि समोर कठड्यावरून संपूर्ण धार. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातला अलेक्झांड्रा धबधबाही असाच, सपाट वाटेने चालत मनोऱ्याशी. दक्षिणेला सुयाकजवळ रोचेस्टर नावाचा बुटका, रुंद धबधबा आहे. त्याच्या मागचा कातळ उभ्या खांबांसारखा फुटलेला आहे, तो मुद्दाम बघा. शेवटची वाट थोडी खडबडीत, काठी घ्या.

शामारेलला कठड्याशी उभे असाल तेव्हा पाण्याकडेच बघत राहू नका. दरीत पांढरा पक्षी तरंगताना दिसतो, शेपटीची दोन पिसं अंगापेक्षा लांब. ‘पाय-आँ-क्य’ म्हणतात, शेपटीत गवताची काडी असलेला. समुद्रावरचा पक्षी, पण घरटं कड्याच्या कपारीत करतो. हिरव्या दरीवर तो वळतो तेव्हा माणसं बोलायची थांबतात.

प्रश्न : सह्याद्रीत इतके धबधबे असताना साडेचार हजार किलोमीटर उडून जाऊन धबधबाच का बघायचा? — एक वाचक, पुणे

तुमचा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर दगडात आहे.

सेत कास्कादच्या वाटेवर पहिल्याच दिवशी मी हात टेकला आणि मला मार्लेश्वर आठवलं. तोच काळा कातळ, तसंच त्यावरचं शेवाळ, धार पडते तिथे तशीच पायरी. तेव्हा वाटलं, घरची आठवण येते म्हणून असं होत असेल. पुढे भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने समजावलं तेव्हा अंगावर काटा आला.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपलं दख्खनचं पठार लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झालं. तो लाव्हा जमिनीच्या खोल पोटातल्या एका तप्त जागेतून वर आला. ती जागा साधारण तिथेच राहिली आणि आपला भूखंड तिच्यावरून उत्तरेला सरकत गेला. मागे तिच्या खुणा रांगेने उरल्या : लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्याखालचा डोंगर, मग 80-90 लाख वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेलं मॉरिशस, आणि आता त्याच्या शेजारचं रेयुनियों बेट, जिथे ज्वालामुखी आजही धगधगतो. म्हणजे मार्लेश्वरचा धारेश्वर आणि तामारँची नदी ज्या कातळांवरून उड्या घेतात ते एकाच चुलीवरचे. एक थर टणक, एक ठिसूळ. ठिसूळ झिजतो, टणक उरतो, म्हणून धबधब्याला पायऱ्या पडतात. दोन्हीकडे तेच.

तेव्हा सह्याद्री सोडून जा असं मी कधीच म्हणणार नाही. आधी आपला बघा. पण तो बघून तिथे गेलात तर तुम्हाला जे दिसेल ते इतर पर्यटकांना दिसणार नाही.

फरक आहे तो रानाचा. आपलं रान जुनं, तिथलं मूळ रान जवळजवळ गेलेलं. डच 1598 मध्ये उतरले तेव्हा बेट जंगलाने झाकलेलं होतं. त्यांनी एबनीची झाडं तोडून नेली. हे एबनी म्हणजे आपल्या टेंभुर्णीचं भावंड, काळ्या गाभ्याचं. पुढे उसासाठी उरलेलं रान साफ झालं. डोडो तर सतराव्या शतकातच संपला. आज मूळच्या चांगल्या रानाचे दोन टक्केही उरलेले नाहीत, आणि जे उरलंय त्यातलं बरंचसं ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानात आहे. ते 1994 मध्ये झालं. तुम्हाला जी हिरवी भिंत दिसेल तिच्यात तो लाल पेरू, मादागास्करहून आणलेली पंख्यासारखी रावेनाला, बाहेरून आलेलीच झाडं जास्त. पेरू गोड लागतो, लोक मीठ-तिखट लावून चवीने खातात, मीही खाल्ले. पण त्याच्या दाट जाळीखाली दुसरं रोप उगवत नाही. माकडं आणि पक्षी बिया पसरवतात, आणि आपल्या बुटांच्या खाचांतल्या मातीतूनही त्या जातात. तिथल्या वनखात्याचे लोक कुंपण घालून एकेक तुकडा हाताने बेणतात, एबनीची पोरं पुन्हा लावतात. मी एकदा त्यांच्याबरोबर दिवसभर बेणणीला गेले होते. संध्याकाळी मागे वळून बघितलं तर मोकळी झालेली जागा आमच्या शाळेच्या एका वर्गाएवढी होती.

तेव्हा राष्ट्रीय उद्यानात जाण्याआधी आणि तिथून निघताना बुटांचे तळवे ब्रशने घासा. एवढं माझ्यासाठी करा.

आणि आशाही आहे. तिथला छोटा ससाणा 1974 मध्ये रानात फक्त चार उरला होता. माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून त्याला परत आणला. दरीत कधी कधी तो अजून दिसतो.

प्रश्न : तिथे मराठी लोक भेटतात का? आमच्या पणजोबांचे भाऊ ‘मिरीच देशा’ला गेले असं घरात सांगतात. — एक वाचक, संगमेश्वर

ताई, तुमच्या पत्राने मला त्या रात्री झोप लागली नाही. मिरीच म्हणजे मॉरिशसच.

2 नोव्हेंबर 1834 ला ‘अॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुईसला लागलं आणि करारावरचे मजूर तिथे यायला सुरुवात झाली. पुढे मद्रास आणि मुंबई बंदरातूनही जहाजं निघाली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास भारतीय त्या बेटावर उतरले. जिथे ते पहिल्यांदा पायऱ्या चढले तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. त्यांनी ऊस लावला, दगड वेचून रचले. आजही उसाच्या शेतांतून काळ्या दगडांचे ढिगारे दिसतात, ते हातांनी रचलेले आहेत.

मराठी माणसं आज तिथे आहेत. कास्कावेल गावात तर बरीच. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली तिथली बोली बोलतात, पण शाळेत मराठी शिकता येतं, भजनं होतात, आपली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

त्या पेरू ठेवणाऱ्या वाटाड्याच्या घरी आम्ही नंतर गेलो. त्याची आजी ओसरीवर बसली होती. पोराला मराठी येत नव्हतं, तिला येत होतं, तुटक, जुनं. मी तिला विचारलं, ‘आजी, तुमच्या लहानपणी तुम्ही धबधब्यावर जायचात का?’ ती म्हणाली, ‘कास्कादवर नाय. आय म्हणायची, व्हाळात जावचा नाय.’ आणि मग ती हसली.

व्हाळ. तिला रत्नागिरी कुठे आहे ते माहीत नव्हतं. तिच्या आईलाही माहीत नसावं, तिचा जन्म तिथलाच. शब्द मात्र आमच्या घरामागच्या ओढ्याचा होता, आणि तोही पाण्यापासून जपायला सांगणारा.

तुमच्या पणजोबांच्या भावाचं नाव, गाव आणि अंदाजे वर्ष लिहून ठेवा. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या जुन्या नोंदी जपलेल्या आहेत, अनेकांचे फोटोसुद्धा. गावाचं नाव तिथल्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे ‘संगमेश्वर’ वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधावं लागेल. सापडलं तर मला कळवा.

प्रश्न : धबधब्याला नारळ आणि फुलं वाहिली तर चालेल का? — एक वाचक, सातारा

नका वाहू. हे पाणी पुढे शेतीला जातं, आणि काठावर राहिलेला नारळ माकडं फोडतात. मनात हात जोडा. पूजा करायची तर गंगा तलावावर जा, डोंगरातलं शांत सरोवर आहे, 1972 मध्ये त्यात गंगेचं पाणी मिसळलं होतं. महाशिवरात्रीला सगळं बेट तिथे चालत येतं. तिथली व्यवस्था त्यासाठीच आहे.

प्रश्न : साप, जळवा, किडे? आणि खायला काय न्यावं? — एक वाचक, नागपूर

माणसाला धोका होईल असा विषारी साप त्या बेटावर नाही, निर्धास्त राहा. सांभाळायचं ते पिवळ्या गांधीलमाशीला, ‘मूश जोन’ला. पेरूच्या झुडपात पानाखाली तिचं छोटं पोळं असतं, हात लागला की डसते. वाटाड्याला पुढे राहू द्या, तो काठीने झुडूप हलवून बघतो. बाह्या लांब घाला. पायाला जखम असेल तर डोहात उतरू नका. लेप्टो, म्हणजे उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे येणारा ताप, तिथेही होतो, कोकणात आम्हाला तो चांगला ठाऊक आहे. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना धबधब्यात उतरलो होतो हे आठवणीने सांगा.

बूट पकड असलेले. सँडल नकोत, नवे बूटही नकोत. फोन प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत.

खाण्याचं सोपं आहे. सकाळी वाक्वाच्या बाजारात गाडीवर दाल पुरी मिळते, आपल्या पुरणपोळीसारखी मऊ, आत वाटलेली डाळ, वर वालासारख्या घेवड्याची आमटी आणि मिरचीची चटणी. ती जोडीनेच देतात, कागदात गुंडाळून. माणशी दोन जोड्या घ्या, चटणी वेगळी बांधून मागा, नाहीतर दरीत पोहोचेपर्यंत पुरी भिजते. सोबत ‘गातो पिमां’ घ्या, म्हणजे आपले डाळवडेच. कागद परत आणा. जूनमध्ये जाणार असाल तर दुपारी तीनला वर चढायला सुरुवात करा. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि दरीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारतं.